लाकडी पेन : डोळ्यांसाठी की बोटांसाठी?



दोन वर्षांपूर्वी दहावीच्या निरोप समारंभात मी एका विद्यार्थिनीला स्वतः कातलेले शिसवीचे पेन भेट दिले होते. मधोमध तीन मणी कोरलेले आणि काचेसारखी चकाकी. परीक्षेनंतर भेटली तेव्हा मोठ्या उत्साहाने विचारले, "काय गं, पेन कसं चाललं?" ती म्हणाली, "सर, ते देवघरात ठेवलंय." खोदून विचारल्यावर कळले, की पहिल्याच सराव पेपरला अर्ध्या तासात तिची बोटे दुखू लागली होती. देखणे पेन करण्याच्या नादात ते लिहिण्यासाठी आहे हेच मी विसरलो होतो.

फिरत्या लाकडाला हत्यार लावून त्याला गोल आकार देणे म्हणजे कातणे. हे काम करणाऱ्याला आपण कातारी म्हणतो, इथले गुजराती लोक खरादी म्हणतात. बडोद्याजवळच्या संखेड्याचे लाखकाम केलेले पाळणे आणि झोपाळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. तेही कातलेलेच. पेनाची पद्धत तीच, फक्त माप लहान. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात आणि मग लेथवर चढवून बाहेरून कातत आणतात. सागवानात तेल असते, म्हणून चिकटवण्याआधी ते स्पिरिटने पुसून घ्यावे, नाहीतर नळी सुटते.

आता खरी अडचण. नेहमीच्या बारीक पेनाची नळी 7 मि.मी. असते आणि टोकाशी पेन जेमतेम 8 ते 8.5 मि.मी. ठेवतात. म्हणजे नळीवर लाकूड उरते अर्धा-पाऊण मि.मी.! असे पेन दिसते नाजूक, पण बोटांना ते घट्ट आवळून धरावे लागते. बॉलपेनला शाईच्या पेनापेक्षा दाबही जास्त लागतो, त्यामुळे तीन तासांच्या पेपरला हात भरून येतो. पकडीच्या जागी 10 ते 12 मि.मी. जाडी बहुतेकांना सोयीची पडते. ज्या आजी-आजोबांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, त्यांना याहूनही जाड पेन बरे वाटते. त्यासाठी मुळातच जाड नळीचे सामान घ्यावे.

मण्यांचे म्हणाल तर ते वाईट नाहीत, जागा चुकते. पेन धरल्यावर त्याचा मधला भाग तर्जनीच्या बुडाशी टेकतो. नेमका तिथेच मणी कोरला, की तो रुततो. (माझे तिन्ही तिथेच होते.) नक्षी करायची तर वरच्या टोकाकडे करावी. पकडीची जागा सलग ठेवून निबेकडे किंचित फुगीर करावी, म्हणजे बोटे खाली घसरत नाहीत. लाकूड आणि धातूचा सांधा डोळे मिटून नखाने तपासा. डोळ्यांना न दिसणारी पायरी नखाला लगेच कळते.

चकाकीचा मोह सर्वात मोठा. सुपर ग्लूचे थर देऊन घासले, की लाकूड आरशासारखे होते, पण मार्चच्या उकाड्यात घामेजल्या बोटांतून निसटते. लाखेचे पॉलिश छान दिसते, मात्र घामाने पकडीच्या जागी लवकर उडते. तेल आणि मेण लावलेले पेन थोडे मंद दिसते, पण हाताला लाकूड लाकडासारखे लागते. ते अधूनमधून पुन्हा लावावे लागते, एवढाच त्रास. मी आता पेनाचा वरचा भाग चकचकीत करतो आणि खालच्या भागाला फक्त मेण लावतो.

वजनही पाहावे. शिसवी सागापेक्षा जड. त्यात वरच्या टोकाला धातूची मोठी टोपी आली, की पेन मागे ओढते. पेन एका बोटावर आडवे तोलून पाहा. तोल मध्यावर किंवा थोडा निबेकडे यायला हवा. नंतर कोणाला तरी एक पानभर लिहायला द्या. दोन ओळींत काही कळत नाही.

त्या मुलीला मी नंतर दुसरे पेन करून दिले. साधे सागवानी, जाडसर, एकही मणी नाही. त्याची रिफिल दोनदा बदलून झाली आहे. शिसवीचे पेन अजून देवघरातच आहे म्हणे.