आतडं बंद झाल्यावर

अंडाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर पोटभर पसरला की आतडी बाहेरून दाबली जातात, एकमेकांना चिकटतात. पोट फुगतं, कळा येतात, हिरवट-तपकिरी उलट्या सुरू होतात. पॅलिएटिव्ह वॉर्डातली नर्स म्हणून मला नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सिस्टर, ऑपरेशन केलं तर मोकळं होईल ना?’

अडथळा एकाच जागी असेल आणि अंगात ताकद असेल, तर सर्जन बायपास करतात, पोटावर आतड्याचं तोंड म्हणजे स्टोमा काढतात, कधी आतडं उघडं ठेवणारी जाळीची नळी, स्टेंट, बसवतात. पोटात पाणी साठलंय, अडथळे अनेक आहेत, तर ऑपरेशनचा फायदा फारसा होत नाही. कॅन्सरमुळे आतडं बंद झालेल्या रुग्णांवरच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एस१३१६ या चाचणीत पहिल्या ९१ दिवसांत रुग्ण किती दिवस जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर होते, हे मोजलं. ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्यांत फरक पडला नाही. ऑपरेशननंतर काही त्रास कमी झाला, हेही सांगायला हवं.

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार संपले, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. त्वचेखालच्या बारीक सुईतून मॉर्फिन देऊन दुखणं आवरतं, हॅलोपेरिडॉलने मळमळ; ऑक्ट्रिओटाइडने आतड्यातला स्राव कमी होतो. पूर्ण अडथळ्यात मेटोक्लोप्रमाइड टाळतात, त्याने कळा वाढतात. उलट्या थांबेनात, तर पोटातून थेट जठरात नळी घालता येते. मग रुग्णाला घोटभर चहा पिता येतो. तो नळीवाटे पिशवीत उतरतो, पण जिभेला चव मिळालेली असते. घरच्यांना मी तोंड वरचेवर ओलं करायला, ओठांना व्हॅसलीन लावायला शिकवते.