लाट कळते, उष्मा कळत नाही

उष्णतेच्या लाटेची चाहूल हवामानाच्या प्रारूपांना चार-पाच दिवस आधी लागते. लाटेमागे बहुधा वातावरणाच्या वरच्या थरांत ठाण मांडलेले जास्त दाबाचे क्षेत्र असते. ते संथ असल्याने नजरेतून सहसा निसटत नाही. (ढगफुटीचे तसे नाही.) प्रश्न स्थानिक तीव्रतेचा आहे. मे २०२५ पासूनच्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये प्रारूपाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आली, तरी एखाद्या वस्तीतील पत्र्याची घरे त्या चौकटीत विरूनच जातात.

त्याहून मोठी उणीव निकषांत आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीहून किमान साडेचार अंश अधिक, किंवा थेट ४५ अंश झाले की लाट जाहीर होते. त्यात आर्द्रता नाही, रात्रही नाही. जून २०२४ मध्ये दिल्लीत सफदरजंग केंद्रावर एका रात्री पारा ३५.२ अंशांखाली उतरला नाही; दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला उसंतच मिळाली नाही.

अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर तापमान आणि मृत्यूंच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि २०१३ च्या कृती आराखड्यात इशाऱ्याच्या स्वतःच्या पातळ्या ठरवल्या. प्रारूप सुधारण्याची वाट न पाहता इतर महापालिकांनाही हे करता येण्याजोगे आहे. मृत्यूच्या नोंदी त्यांच्याच दप्तरी असतात.