बाजारवर्ग निर्मिती

बाजारवर्ग निर्मिती म्हणजे प्रचलित बाजारपेठेतील वाट्यासाठी स्पर्धा करण्याऐवजी वस्तूचा किंवा सेवेचा एक नवा प्रकार ग्राहकांच्या मनात रुजवून त्यात अग्रस्थान मिळवण्याचे व्यावसायिक धोरण होय. भांडवल आणि नावलौकिक यांत प्रस्थापित कंपन्यांपेक्षा दुर्बल असलेले स्टार्टअप उद्योग हे धोरण अनेकदा अवलंबतात.

स्वरूप

नव्या प्रकारच्या वस्तूची तुलना कशाशी करावी, हे ग्राहकाला ठाऊक नसते. म्हणून उद्योगाला वस्तूच्या आधी ती दूर करत असलेली अडचण समजावून द्यावी लागते. त्यानंतर त्या वर्गाला नाव देणे आणि गुणवत्तेचे निकष ठरवणे हे टप्पे येतात. ज्या उद्योगाचे निकष ग्राहक स्वीकारतात, त्याच्याशीच नंतर येणाऱ्या स्पर्धकांची तुलना होते.

उदाहरण : सेल्सफोर्स

सेल्सफोर्स ही कंपनी मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केली. ग्राहकांच्या नोंदी व विक्रीव्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर त्या काळी कंपन्या परवाना विकत घेऊन स्वतःच्या संगणकांवर बसवत असत. त्याची उभारणी आणि देखभाल खर्चिक असे. सेल्सफोर्सने हीच सोय इंटरनेटवरून वर्गणी पद्धतीने उपलब्ध करून दिली. 'सॉफ्टवेअर' या शब्दावर काट मारलेले चिन्ह तिने प्रचारासाठी वापरले. २००० मध्ये या क्षेत्रातील तत्कालीन आघाडीच्या सीबेल सिस्टिम्स या कंपनीच्या परिषदेबाहेर भाडोत्री कलाकारांकरवी लुटुपुटीची निदर्शनेही घडवून आणली. त्यामुळे हा वाद दोन उत्पादनांमधला न राहता जुन्या आणि नव्या पद्धतींमधला ठरला. २००३ मध्ये सीबेलने आयबीएमच्या साहाय्याने तशीच सेवा जाहीर केली. २००४ मध्ये सेल्सफोर्सचे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदवले गेले.

प्रथम प्रवेश आणि अग्रस्थान

वर्गात प्रथम येणे आणि त्याचे नेतृत्व करणे या भिन्न गोष्टी आहेत. इंटरनेटवरून हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवणारी नेटलेजर (पुढे नेटसूट) ही कंपनी सेल्सफोर्सच्या आधी, १९९८ मध्ये स्थापन झाली होती. एमपी३ संगीतवादक १९९८ मध्येच बाजारात आले होते. मात्र त्या वर्गाचे नेतृत्व २००१ मध्ये आलेल्या ॲपलच्या आयपॉडकडे गेले. पीटर गोल्डर आणि जेरार्ड टेलिस यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाजारात प्रथम उतरलेल्यांपैकी जवळपास निम्मे अपयशी ठरल्याचे आढळले.

मर्यादा

या धोरणाचे विवेचन बहुधा यशस्वी उद्योगांवरून केले जाते. अपयशी प्रयत्न नजरेआड राहत असल्याने यशाची शक्यता वास्तवापेक्षा अधिक भासते. २००१ मध्ये मोठ्या अपेक्षेने सादर झालेल्या सेगवे या दुचाकी स्वयंसंतुलित वाहनाला अपेक्षित मागणी लाभली नाही आणि २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. नवा वर्ग घडवण्यासाठी नावीन्य पुरेसे नसते. जी अडचण दूर करायची ती ग्राहकांनाही अडचण वाटावी लागते.