हिवाळ्यातील बाग : तयारी भाद्रपदापासून

दरवर्षी जुलै महिन्यात शाळा, कचेऱ्या व ग्रामपंचायती यांच्या आवारांत मोठ्या उत्साहाने रोपे लावली जातात. माघ उजाडेपर्यंत त्यांपैकी बरीचशी सुकतात आणि पुढील पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवी रोपे येतात. वास्तविक महाराष्ट्राच्या पठारी भागात फुलबागेला सर्वांत अनुकूल ऋतू हिवाळाच होय. कोवळे ऊन व थंड रात्री यांमुळे फुलांना रंग चढतो आणि ती अधिक दिवस टिकतात. मात्र ही शोभा ऐन थंडीत निर्माण करता येत नाही. तिची तयारी भाद्रपद-आश्विनातच करावी लागते.

प्रथम पाण्याचा हिशेब

बागेचा आकार जागेवरून नव्हे, तर पाण्यावरून ठरवावा. उन्हाळ्यात जेवढे पाणी खात्रीने मिळेल, तेवढ्यावर जगेल इतकीच कायमची लागवड करावी. हंगामी फुलझाडांचे आयुष्य फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास संपत असल्याने टंचाईच्या दिवसांत त्यांचा भार पडत नाही. हात धुण्याच्या जागेचे पाणी चर काढून कर्दळीच्या वाफ्याकडे वळवावे. पानगळीचा पाला जाळू नये. तो आळ्यांत पसरल्यास ओल टिकते आणि कुजल्यावर त्याचेच खत होते.

कायमची झाडे

कुंपणासाठी कोरांटी उत्तम. ती काटक असून थोड्या पाण्यावर तग धरते आणि थंडीत फुलांनी भरून जाते. मांडवावर संक्रांतवेल चढवावी. संक्रांतीच्या सुमारास येणारे तिचे नारिंगी घोस दुरूनही लक्ष वेधून घेतात. रक्तकांचन दिवाळीच्या आगेमागे फुलतो. आवार मोठे असेल, तर एका कडेला काटेसावर लावावी. जानेवारी-फेब्रुवारीत ती निष्पर्ण होऊन लाल फुलांनी डवरते व मधासाठी तिच्यावर साळुंक्या-बुलबुलांची गर्दी होते. निष्पर्ण झाड म्हणजे वठलेले झाड नव्हे, हा धडा विद्यार्थ्यांना तेथे प्रत्यक्ष शिकवता येतो.

हंगामी फुलांचे वेळापत्रक

प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारीला, बाग फुललेली हवी असेल, तर दिवस उलटे मोजावेत. अ‍ॅस्टरला बी पेरल्यापासून फुले येण्यास सुमारे चार महिने लागतात. म्हणून त्याचे बी सप्टेंबरअखेर पेरावे. झेंडूला साधारण अडीच महिने पुरतात. त्याचे बी नोव्हेंबरच्या आरंभी पेरले तरी चालते. बी गादीवाफ्यावर पेरून सुमारे चार आठवड्यांची रोपे सायंकाळच्या वेळी वाफ्यांत लावावीत. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात करावी. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने बहर येतो. सुकलेली फुले वेळीच खुडल्यास नव्या कळ्या येत राहतात.

शेवंतीची गोष्ट निराळी. रात्री लांबू लागल्या की तिला कळ्या धरतात. दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलोऱ्याशी असलेला हा संबंध गार्नर व अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. त्यामुळे शेवंतीचा वाफा रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली करू नये. तेथे फुलोरा लांबतो.

कोकणात थंडी सौम्य असते. तेथे हंगामी फुलांपेक्षा अबोली, तगर व जास्वंद यांवर भर देणे अधिक श्रेयस्कर.

सुट्टीतील पाणी

शाळांच्या बागांना खरा धोका दिवाळीच्या सुट्टीत असतो. रोपे कोवळी असतात, पाऊस थांबलेला असतो आणि आवार ओस पडते. त्या दोन-तीन आठवड्यांत केलेले सारे श्रम वाया जातात. याकरिता सुट्टी लागण्यापूर्वीच पाणी घालण्याच्या पाळ्या ठरवून त्या फलकावर लावाव्यात. शाळेजवळ राहणारे विद्यार्थी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी त्या वाटून घ्याव्यात. रोप लावण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो, ते जगवण्याचे काम मात्र रोजचे असते. हे काम नेमून दिले, तर पुढील जुलैत जुने खड्डे पुन्हा भरण्याची वेळ येणार नाही.