याचा हिशेब करून टाका

खामगावातल्या एका जिनिंगच्या फाटकावर ‘फिटर पाहिजे’ ही पाटी बाराही महिने असते. आत फिटर आहे, रोज कामावर आहे. मग ही पाटी कोणासाठी, हे विचारायला आत गेलो.

‘त्याच्याचसाठी,’ शेठ म्हणाले. ‘येता-जाता दिसली पाहिजे.’

१८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. आजही हंगामात इथल्या जिनिंगमध्ये सरकीचा तेलकट, उबट वास अंगातल्या सदऱ्याला धरून बसतो. कापूस आत येतो, सरकी सुटते, रुई १७० किलोच्या गाठीत बांधून बाहेर पडते. मधलं सगळं फिटरच्या हातात. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचा रोलर आणि त्याला टेकलेली पोलादी पट्टी असते. दाब जास्त झाला तर रोलर तापतो. कमी पडला तर सरकीला रुई चिकटून राहते. हा माणूस मशीन थांबवून रोलरवर तळहात टेकवतो आणि पान्याचा पाव आटा फिरवतो. शेठना ते येत नाही, मुनीमजींनाही नाही.

शेठची तक्रार खोटी नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खाडा ठरलेला, मुकादमाशी रोज वाजतं, उचल फिटत नाही. त्या सकाळी तर खिशात बिडी सापडली. जिनिंगमध्ये बाकी सगळं पोटात घालतात, बिडी नाही.

‘पेटेल नव्हती ना शेठ. खिशात होती.’

‘याचा हिशेब करून टाका.’

मुनीमजींनी वही उघडली. पगारातून उचल वजा केली, तर देणं फिटरकडेच निघालं. काढला तर उचल बुडाली.

मुनीमजींची भीती वेगळी होती. ‘दोनशे चाळीस,’ ते मला हळूच म्हणाले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली आलेला हा आकडा: वर्षात २४० दिवस काम भरलं की नोकरी सलग धरतात. मग कामगार कपात करायची तर महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. गैरवर्तनासाठी काढायचं तर लेखी आरोप, त्याचं म्हणणं, चौकशी. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काढलेल्या माणसाचं वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करायचं. ‘म्हणून दोनशे चाळीस भरूच द्यायचे नाहीत.’

ते कसं, हे पुस्तकात दिसलं. हंगाम सरला की हजेरीपुस्तक मिटतं. उन्हाळ्यात जिन उकलून रोलर बदलायला हाच माणूस येतो, पण त्याचे पैसे व्हाउचरवर, ‘जॉब वर्क’ म्हणून. चौदा हंगाम झाले म्हणे. ज्या माणसाशिवाय जिन हलत नाही, तो कागदावर दरवर्षी नवा असतो. खाडे मात्र चौदाही वर्षांचे तोंडपाठ आहेत.

फिटर काट्याजवळच्या ओट्यावर जाऊन बसला. कोणी त्याला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. दुपारी एका जिनमधून रुई धरलेली सरकी पडू लागली. मुकादमानं पट्टी आवळून पाहिली, तर रोलरला करपट वास सुटला. तेव्हा शेठनी फिटरलाच बोलवायला धाडलं.

तो आला, पण पाना उचलला नाही.

‘आजची हजेरी काय टाकली, मुनीमजी?’

‘अर्धी.’

‘पुरी टाका.’

मुनीमजींनी शेठकडे पाहिलं. शेठ फोनवर बोलत राहिले. मुनीमजींनी अर्धी खोडली.