फेऱ्या २५०, निकाल ५३ वर्षांनी
चाकांवरची अमेरिका : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण डेटोनाला होतो. अडीच मैलांची फेरी, आणि वळणावर ३१ अंशांत कललेला रस्ता. तिथे इंजिन बोलतं. आज जायचंय नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला. इथे इंजिनाला तोंड उघडायलाच जागा मिळत नाही.

बोमन ग्रे स्टेडियमचा डांबरी मार्ग पाव मैलाचा, म्हणजे साधारण ४०० मीटरचा. जिल्हा क्रीडासंकुलात पोरं धावतात तो ट्रॅक डोळ्यांपुढे आणा. मधोमध फुटबॉलचं मैदान (अमेरिकन फुटबॉल, चेंडू काखेत मारून पळायचा तो) आणि त्याला खेटून दीड-दोन टनांच्या गाड्या गरागरा फिरताहेत. वळणं जवळपास सपाट. १९४९ पासून इथे नॅसकार या संघटनेच्या ‘स्टॉक कार’ गाड्यांच्या आठवडी शर्यती चालतात. धक्काबुक्की, शिवीगाळ आणि प्रेक्षकांची आरडाओरड यांमुळे लोकांनी या जागेला नाव दिलंय ‘मॅडहाउस’. नाव सार्थ आहे.

‘स्टॉक कार’ म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा शेअर बाजार आठवतो, म्हणून खुलासा करतो. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल. शोरूममधून आणली तशीच गाडी शर्यतीत उतरवायची, ही मूळ कल्पना. ती पहिल्याच दिवशी फसली. १९ जून १९४९ ला शार्लटमध्ये नॅसकारची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली. पहिला आला ग्लेन डनवे. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला. ही गाडी चोरटी दारू वाहून न्यायच्या कामातली होती आणि स्प्रिंगांची करामत त्याच धंद्याची. डनवे बाद झाला आणि विजय गेला जिम रोपरकडे. गाडी नियमात बसते की नाही, हा वाद या खेळाच्या बारशापासूनचा आहे. आजच्या गोष्टीतही तोच आहे, फक्त तो मिटायला अर्धं शतक लागलं.

आधी छोट्या मार्गाचं गणित. जुन्या गाड्यांना इथल्या फेरीला साधारण १६-१७ सेकंद लागायचे. त्यात सरळ रस्ता असा कितीसा? पाय खाली दाबला की वळण आलंच. ब्रेक, डावीकडे, पुन्हा पाय खाली, पुन्हा ब्रेक. २५० फेऱ्यांची शर्यत म्हणजे जेमतेम १०० किलोमीटर, पुण्याहून साताऱ्याला जाण्याइतकंही अंतर नाही. तेवढ्यात ५०० वेळा ब्रेक! मोठ्या इंजिनाची ताकद इथे बाहेर पडायच्या आत दाबली जाते, आणि जड गाडी दर वळणाला टायर आणि ब्रेक खात राहते.

कायम डावीकडेच वळायचं असल्यामुळे गाडीही वाकडीच बांधतात. उजवीकडची चाकं डावीकडच्यांपेक्षा घेराने किंचित मोठी. टपरीवरचा चहाचा कागदी कप टेबलावर आडवा ठेवून ढकलून पाहा. तोंड मोठं, बूड लहान, म्हणून तो सरळ न जाता गोल फिरतो. इथे उजवं चाक म्हणजे कपाचं तोंड. अशी गाडी हमरस्त्यावर आणली तर नाठाळ बैलासारखी एका अंगाला ओढेल. इथे मात्र चालकाचं निम्मं काम तीच करते.

आता १९७१. त्या वर्षी मोटार कंपन्यांनी शर्यतींतला हात आखडता घेतला होता. छोट्या मार्गांवर पुरेशा गाड्याच जमेनात. तेव्हा नॅसकारने तोड काढली : मुख्य ‘ग्रँड नॅशनल’ मालिकेच्या काही शर्यतींत धाकट्या ‘ग्रँड अमेरिकन’ वर्गातल्या गाड्यांनाही उतरू द्यायचं. मस्टँग, कॅमेरो अशा या गाड्या. इंजिन ५ लिटरच्या आत. थोरल्यांना ७ लिटरपर्यंत मुभा. मस्टँगच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०८ इंच, तर थोरल्या वर्गातल्या प्लिमथचं ११५. डेटोनाला ही धाकटी गाडी थोरलीच्या धुरात दिसेनाशी झाली असती. पण बोमन ग्रेच्या वळणात ते ७ इंच कुणाला जड जाणार, हे सांगायला नको.

६ ऑगस्टला ‘मायर्स ब्रदर्स’ शर्यत झाली. हे नाव त्याच भागातल्या बॉबी आणि बिली या भावांचं. बॉबी १९५७ मध्ये डार्लिंग्टनला शर्यतीतच गेला. बिलीला पुढच्याच वर्षी याच मार्गावर गाडी चालवताना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्या नावाच्या शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसन हा चालक मस्टँगमध्ये बसला आणि २५० फेऱ्यांनंतर रिचर्ड पेटीच्या पुढे पोहोचला. पेटी म्हणजे या खेळाचा अनभिषिक्त राजा. दोनच वर्षांपूर्वी त्याने आपला १०० वा विजय इथेच मिळवला होता.

मग विजेता कोण? कागदावर पहिला अ‍ॅलिसन, पण गाडी धाकट्या वर्गातली, म्हणून त्याच्या ग्रँड नॅशनल विजयांच्या बेरजेत ही शर्यत धरली नाही. पेटीलाही दिली नाही. शर्यत झाली, तिकिटं विकली गेली, विजेता मात्र कुणीच नाही! आणखी गंमत म्हणजे त्याच वर्षी टायनी लंडने कॅमेरोमधून अशाच दोन शर्यती जिंकल्या आणि त्या त्याच्या खात्यात जमाही झाल्या. या हिशेबाचं तर्कशास्त्र मला आजवर उमगलेलं नाही.

६ ऑगस्टची ती शर्यत ग्रँड नॅशनल मालिकेतली इथली शेवटची ठरली, आणि तिला गिळलं कुणी, ते ऐकण्यासारखं आहे. बोमन ग्रे हे आर. जे. रेनॉल्ड्स या याच गावच्या तंबाखू कंपनीचे एकेकाळचे अध्यक्ष. गावाच्या नावातला अर्धा तुकडा उचलून कंपनीने सिगारेट काढली : विन्स्टन. जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेत टीव्ही-रेडिओवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि कंपनीने तो पैसा नॅसकारकडे वळवला. मोठा पुरस्कर्ता आला म्हटल्यावर मालिकाही मोठी दिसायला हवी. १९७१ च्या ४८ शर्यती १९७२ मध्ये ३१ वर आल्या. कात्री लागली ती छोट्या शर्यतींना. सिगारेटवाल्याच्या नावाचं स्टेडियम सिगारेटच्याच पैशाने मालिकेबाहेर गेलं.

अ‍ॅलिसनच्या खात्यात पुढे ८४ विजय राहिले, डॅरेल वॉल्ट्रिप या चालकाच्या बरोबरीने. आपले ८५ आहेत, हे तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅसकारने ते मान्य केलं आणि अ‍ॅलिसन ८५ विजयांसह एकटा चौथ्या स्थानावर गेला. तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. ९ नोव्हेंबरला तो वारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वरच्या फळीच्या गाड्या पुन्हा बोमन ग्रेवर आल्या, तेव्हा त्या शर्यतीची नोंद पूर्ण होऊन तीन-चार महिनेच झाले होते.

(पुढील आठवड्यात : मार्टिन्सव्हिल. विजेत्याला तिथे करंडकाऐवजी माणसाहून उंच लंबकाचं घड्याळ देतात.)