मराश्ती: बेचिराख होऊन पुन्हा उभं राहिलेलं गाव

पहिल्या महायुद्धात राजधानी बुखारेस्टसह रोमेनियाचा बराच मुलूख शत्रूने बळकावला होता. अशा वेळी जुलै १९१७ मध्ये मराश्ती या डोंगराळ खेड्यापाशी जनरल आवेरेस्कू यांच्या सैन्याने शत्रूची फळी फोडली. विजय मिळाला, पण गाव मात्र उद्ध्वस्त झालं.

पुढचा भाग मला लढाईहून मोठा वाटतो. तिथे लढलेल्यांनीच ‘मराश्ती सोसायटी’ काढली आणि गाव नव्याने बांधलं! शेजारी हुतात्म्यांचं स्मारकही उभारलं. १९३८ मध्ये वारलेले आवेरेस्कू आपल्या सैनिकांसोबत तिथेच विसावले आहेत.

रोमेनियात ईस्टरनंतरच्या स्वर्गारोहणाच्या सणाला वीर दिनही पाळतात. खेडोपाडी हुतात्म्यांच्या नावांचे स्तंभ आहेत. तिकडे जाल तेव्हा ती नावं जरूर वाचा.